देवीला विचारलेली ओवी

वच्छी आमच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, दोन परकर-पोलकी आणि तिचा गळा एवढंच होतं. ट्रंकेला आईनं माझ्या खाटेखाली जागा करून दिली. परकर-पोलकी माझ्याच दोरीवर वाळू लागली. गळ्याचं काय होणार आहे हे मात्र मला पहिले पंधरा दिवस कळलं नाही, कारण पंधरा दिवस ती पोरगी हूं की चूं करत नव्हती. गाणं तर दूरच.

वच्छी म्हणजे माझी आतेबहीण, वत्सला. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. आत्याबाईंचं सासर सावरगावला, नदीच्या पलीकडे, आणि आमचं घर पांढुर्ण्यात, नदीपासून दोन गल्ल्या आत. जाम नदी काही मोठी नाही. उन्हाळ्यात तर चपला हातात घ्यायच्या आणि पलीकडे जायचं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तीच नदी फार रुंद होते. त्या दिवशी धारेच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात. ही गोटमार. झेंडा निघाला की तो देवीच्या देवळात जातो आणि दोन्ही गावं पुन्हा एकमेकांची सोयरी होतात. आमच्याकडे ती कोणी कोणाला समजावून सांगत नाही. पोरगं चालायला लागलं की त्याला ती कळते. आत्याबाईंचे यजमान, ज्यांना आम्ही हिंदीसारखं फुफाजी म्हणायचो, दर वर्षी नदीवर जायचे. त्या वर्षी कानामागे दगड लागला आणि दिवे लागायच्या आत ते गेले. तेरवी झाल्यावर बाबूजी, माझे वडील, बैलगाडी घेऊन पलीकडे गेले आणि बहिणीला आणि भाचीला घेऊन आले.

बाबूजी प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आधी सौंसरला, मग बदलीनं पांढुर्ण्याला. त्यांच्या आयुष्यात दोनच शौक होते, एक फळ्यावर वळणदार अक्षर काढायचा आणि दुसरा पेटी वाजवायचा. सौंसरला असतानाच त्यांनी मला पेटीजवळ बसवलं होतं. सात वर्षांची होते तेव्हापासून रोज सकाळी शेण-सडा झाला की सा लावायचा, आणि संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लागला की एक भजन म्हणायचं. मी मेहनती होते. ताल चुकत नसे, शब्द विसरत नसे. आईच्या माहेरी मोहगावला महादेवाच्या जत्रेत एकदा मी भजन म्हटलं तर कोणी म्हाताऱ्यानं माझ्या हातावर नारळ ठेवला होता. त्या नारळाची करवंटी मी किती तरी वर्षं जपून ठेवली होती. नवरात्रात अष्टमीला देवळात बायांपुढे देवीचं पद म्हणायचं, हा तर तीन वर्षांपासून माझाच मान होता. गुरुजींची सुशी म्हणते म्हणून बाया लवकर येऊन बसायच्या, असं निदान मला वाटायचं.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी माझं भजन चालू असताना वच्छी कंदिलाची काच पुसत ओसरीवर बसली होती. मी धृपदावर परत आले आणि ती नकळत मागून म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, काच पुसता पुसता सहज ओढलेला आवाज. बाबूजींचा हात पेटीवर थांबला. भाता तसाच उघडा राहिला. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वच्छे, इकडे ये. पुन्हा म्हण." मी तिथेच, त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. मला कोणी सरक म्हटलं नाही, पण मी सरकले.

तो आवाज कसा होता ते आज सत्तर वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही, आणि सांगायचं माझ्या जिवावरही येतं. गोड नव्हता. थोडा खरबरीत होता, नव्या मडक्यासारखा. पण तिनं सूर लावला की घरातली माणसं हातातलं काम सोडायची. माझी आई फोडणी करपेपर्यंत उभी राहायची. मी गायची तेव्हा तिची फोडणी कधी करपली नव्हती. आमच्या भागात संत्र्याचे बगीचे, त्यामुळे हंगामात पोरांचे बाप बाबूजींच्या खिशात एखादं संत्रं घालत. घरी आले की ते सोलायचे आणि ज्यानं त्या दिवशी भजन म्हटलं त्याला पहिली फोड द्यायचे. इतकी वर्षं ती फोड माझी होती. आता ती वच्छीकडे जाऊ लागली. मला दुसरी मिळायची, आणि खरं सांगते, एकाच संत्र्याची असून ती मला आंबट लागायची.

मी तिला चिंचा खाऊ घातल्या. गळा बसावा म्हणून. पाटाखाली मीठ-तिखट लावलेल्या चिंचेचे गोळे लपवून ठेवायचे आणि दुपारी मोठ्या मायेनं तिला द्यायचे. एकटीनं खायला तिला बरं वाटेना, म्हणून ती अर्धा गोळा मलाच परत करायची. चार दिवसांनी माझा गळा बसला. तिनं मला ज्येष्ठमधाची काडी आणून दिली, ती मी तिच्यादेखत चघळली आणि पाठ फिरताच चुलीत टाकली.

आत्याबाईंचं मात्र मला कधी ओझं वाटलं नाही. त्या घरात अशा वावरायच्या की जमिनीला पाय लागल्याचाही आवाज होऊ नये. गावात गिरणी होती, तरी त्यांनी पहाटेचं दळण अंगावर घेतलं. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, सणाला उडदाचे वडे, सगळं त्या करायच्या आणि जेवायला सगळ्यांच्या मागून बसायच्या. आई म्हणायची, "वन्सं, बसा ना आमच्याबरोबर." त्या म्हणायच्या, "बसतो ना, तुम्ही घ्या." आमच्याकडे बायाही "बसतो, जातो" म्हणतात. इकडे नागपुरात माझ्या सुना त्याला हसतात. हसू द्या.

वर्ष फिरलं आणि पुन्हा पोळा आला. गोटमारीच्या दिवशी सकाळपासून आत्याबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि जात्यापाशी बसल्या. समोर वच्छी, खुंट्याला दोघींचे हात. घरात आठ दिवसांचं पीठ होतं तरी त्या दळत होत्या. दोन गल्ल्या पलीकडून नदीवरचा गलका यायचा, लाटेसारखा, मधेच ढोल, मधेच एकदम हो-हो. गलका वाढला की जात्याची घरघर वाढायची. आई आणि मी शेवया वळायचं निमित्त करून माजघरात बसलो होतो. बाबूजी त्या वर्षी नदीकडे फिरकले नाहीत. ते ओसरीवर पेटी पुढ्यात घेऊन बसले होते, पण पेटीला हात नव्हता. आणि दुपार कलायच्या सुमाराला आत्याबाईंनी ओवी उचलली. ती दुसऱ्या कोणाची नव्हती, त्यांचीच होती. एक ओळ त्या म्हणायच्या, दुसरी वच्छी.

जाम नदीच्या धारेत, उभा पळसाचा झेंडा
तुझ्या नावानं गं माय, कोणी फेकला हा धोंडा

तुले नारळ फोडला, तुले वाहिलं मी फूल
तुले रगत लागते का, सांग एकदा खरं बोल

तू बी बाई, मी बी बाई, तुझं कुंकू कोण पुसे
माझ्या कपाळाकडं माय, तुले पाहवते कसे

शेवया माझ्या हातात तुटल्या. मी उठून ओसरीच्या दारात गेले तर बाबूजी दोन्ही हात पेटीवर ठेवून खाली मान घालून बसलेले. रडत नव्हते. पण मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

नवरात्र आठ दिवसांवर आलं तेव्हा जेवताना त्यांनी सांगितलं, "अष्टमीला वच्छी म्हणेल. तिच्या आईची ओवी म्हणेल."

आई म्हणाली, "देवळात? देवीपुढे?"

"मग कोणापुढे? देवीलेच विचारलं आहे ना ते?"

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांले नाही विचारलं," बाबूजी म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुशे, तू टाळ धरजो."

मी भाकरीचा घास तोंडात तसाच धरून बसले. मला त्या ओवीचं काही वाईट वाटलं नव्हतं हे आज कबूल करते. देवीचा अपमान झाला असं माझ्या मनात क्षणभरही आलं नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, टाळ. तीन वर्षं जिथे मी बसले तिथे ती बसणार आणि मी बाजूला टाळ कुटणार.

तो काळही मोठा विचित्र होता. राज्यांची वाटणी होऊन राहिली होती. नागपूर, अमरावती सगळं मुंबईकडे जाणार, आणि आम्ही मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसरचे लोक इकडेच हिंदी राज्यात राहणार असं नक्की झालं होतं. ओसरीवर माणसं बसायची आणि एकच बोलणं, शाळा कोणत्या भाषेत चालतील, अर्ज कोणत्या भाषेत लिहायचे, नवे साहेब कुठून येतील. ज्यांना कधी कशाची भीती वाटली नव्हती त्यांनाही आपलं काही तरी हातचं जाणार असं वाटू लागलं होतं. अशा वेळी माणसं देवाचं आणि सणाचं फार घट्ट धरतात. हे मला तेव्हा शब्दांत कळत नव्हतं, पण कोणाच्या कानात काय टाकलं की कुठे आग लागेल, एवढं सोळा वर्षांच्या पोरीला बरोबर कळतं.

देवळाचा उत्सव गोविंदशेठ पाहायचे. कापसाचे व्यापारी, माणूस तसा सज्जन. त्यांच्या बायकोकडे, यमुनाकाकूंकडे, आम्ही मुली घटाच्या माळा करायला जायचो. दुसऱ्या माळेच्या दिवशी मी मुद्दाम एकटी गेले. झेंडू ओवता ओवता म्हणाले, "काकू, या वर्षी अष्टमीले मी नाही. वच्छी म्हणणार आहे."

"काहून? तुझा गळा बरा नाही?"

"बरा आहे. बाबूजींले आत्याबाईची ओवी म्हणवायची आहे."

"कोणती ओवी?"

मी म्हणून दाखवली. पहिलं कडवं म्हटलं, मग ती ओळ आली. "तुले रगतच लागते, सांग एकदा खरं बोल." ओळीत "लागते का" होतं. मी "का" काढला आणि "च" घातला. हे मी घरून ठरवून गेले होते का, की जिभेवर तसं आलं? इतकी वर्षं मी स्वतःला विचारते आहे. उत्तर असं की जिभेवर आलं, आणि आल्यावर मी ते दुरुस्त केलं नाही. यमुनाकाकूंच्या हातातली सुई थांबली. त्या म्हणाल्या, "असं म्हटलं? देवीले?" मी मान हलवली आणि पुढचं फूल ओवलं.

हल्ली वर्तमानपत्रात वाचते, अमक्यानं गाणं म्हटलं, तमक्याच्या भावना दुखावल्या. लोक गाणाऱ्याबद्दल भांडतात आणि ऐकणाऱ्याबद्दल भांडतात. मला दर वेळी वाटतं, मधे निरोप घेऊन कोण गेलं होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी गोविंदशेठ, देवळाचे पुजारी आणि आणखी दोघे जण आमच्या ओसरीवर आले. बाबूजींनी सतरंजी टाकली. आईनं गुळाचा चहा केला, तो मीच नेऊन दिला आणि दाराआड उभी राहिले. गोविंदशेठ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. देवीले रगत पिणारी म्हणायचं म्हणजे?"

"असं कोण म्हटलं?"

"तुमच्या बहिणीच्या गाण्यात आहे ना. रगतच लागते म्हणून."

बाबूजी म्हणाले, "तसं नाही ते. लागते का, असं आहे. तिनं विचारलं आहे."

"विचारलं काय आणि म्हटलं काय," पुजारी म्हणाले, "देवीपुढे आपण मागतो. विचारत नाही."

"मागितलेलं चालते, तर विचारलेलं काहून चालत नाही?"

"गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याशी बोलण्यात आम्ही हरून जाऊ," गोविंदशेठ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण मले सांगा, आता नवीन सरकार येऊन राहिलं आहे. कोण साहेब येईल माहीत नाही. उद्या तो म्हणेल, हे पहा, यांच्याच गावची बाई देवळात म्हणून राहिली की गोटमार वाईट, करा बंद. नागपूर गेलं. आता हे बी जाऊ द्यायचं?"

तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या, म्हणून सगळेच थोडे सावरून बसले. त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "शेठजी, मी बंद करा म्हटलं नाही. मी तिले विचारलं. सगळं तिच्या नावानं होते, मग तिलेच विचारीन ना? तुम्हाले विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?"

पुजारी हळूच म्हणाले, "बाई, देवी रागावते."

"आता माझ्यावर रागावून ती माझं काय नेईन?" आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझ्याजवळून जाताना त्या क्षणभर थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरचा पदर सरळ केला आणि पुढे गेल्या. मला वाटलं, सुटले. यांना काही कळलं नाही.

देवळात ओवी होणार नाही असं ठरलं. बाबूजी भांडले नाहीत. मुकाट्यानं कपबशा उचलायला लागले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. अष्टमीला नेहमीप्रमाणे मी म्हणणार होते. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. पण सकाळी बाबूजी म्हणाले, "मले नाही जमणार. हात दुखून राहिला. वच्छी पेटी धरेल." वर्षभरात वच्छी पेटीही शिकली होती. माझ्याहून चांगली वाजवू लागली होती, तेही लिहूनच टाकते.

देवळात त्या दिवशी धुपाचा इतका धूर होता की डोळे चुरचुरत होते. बायांची दाटी, ओटीचे नारळ, खणांचे नवे कोरे वास. मी पद सुरू केलं. पहिला अंतरा बरा गेला. दुसऱ्याला वर जाताना माझा सूर घसरला, चांगलाच घसरला, आणि पुढचा शब्दच आठवेना. वच्छीनं पेटीवर तो सूर धरून ठेवला. भाता हलवत ती हळू आवाजात शब्द म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असा, आणि मी तो धरून वर गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बायांनी माना डोलवल्या. यमुनाकाकूंनी माझ्या ओच्यात नारळ टाकला. मला वाटलं तो नारळ वच्छीच्या डोक्यात घालावा. तिनं मला पडू दिलं असतं तर मी तिला माफ केलं असतं.

घरी येताना गल्लीत आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही. तिला दुखवावं एवढ्याचसाठी मी म्हटलं, "शेठजींकडे मीच सांगितलं होतं. यमुनाकाकूले."

वच्छी चालत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"ओवी आमच्याशिवाय कोणाले माहीत होती? तू, मामी आणि मामाजी. मामी माळा करायले जात नाही."

"आत्याबाईंले?"

"आईले पहिल्याच दिवशी समजलं."

"मग बोलल्या काहून नाही? त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तुले राग नाही आला?"

ती थांबली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "आला ना. लई आला. पण आई म्हणे, भावाच्या घरी खातो, भावाच्या पोरीचं नाव कसं घ्यायचं? उद्या मामीनं म्हटलं, निघा, तर कुठं जायचं?" मग तिनं माझ्या हातातला नारळ घेतला, कारण मी तो पाडायच्या बेतात होते. "चाल. दूध उतू जाईन."

वर्षभर मला वाटत होतं की तिनं माझ्या घरातलं सगळं घेतलं. माझ्यावर रागवायचा हक्कसुद्धा तिला त्या घरात नव्हता, हे मला त्या गल्लीत कळलं. बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवमीला सकाळी बाबूजी दाढी करत होते तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. "का" आणि "च"चंही सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. त्यांनी वस्तरा पुसला, अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि विचारलं, "शेठजींले म्हणून दाखवशील? बरोबर जसं आहे तसं?"

गोविंदशेठांच्या बैठकीत ओसरीवर आले होते ते पुजारी आणि शेठजी असे दोघेच होते. आतल्या दाराचा पडदा हलला, त्यावरून यमुनाकाकू पलीकडे असाव्यात. बाबूजी म्हणाले, "पोरीनं एक अक्षर चुकीचं सांगितलं होतं. ते दुरुस्त करायले आली आहे." मी म्हटलं, "लागते का, असं आहे." गोविंदशेठ म्हणाले, "एवढ्यासाठी आले?" बाबूजी मला म्हणाले, "पूर्ण म्हण."

पेटी नाही, टाळ नाही. मी उभ्यानंच सुरू केलं. आत्याबाईंसारखी दळणाची चाल मला जमेना. पण "तुले रगत लागते का" या ओळीवर आले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो "का" म्हणायला फार जड आहे. शिवी देणं सोपं असतं, ती दिली की आपण मोकळे. विचारलं की उत्तराची वाट पाहत उभं राहावं लागतं. शेवटचं कडवं मी कसं म्हटलं मला आठवत नाही. संपलं तेव्हा पुजारी जमिनीकडे पाहत होते.

गोविंदशेठ म्हणाले, "ओवी चांगली आहे. वाईट नाही त्यात काही. पण देवळात नको, गुरुजी. आज एकीनं विचारलं तर उद्या साऱ्याच विचारतील."

"विचारू द्या."

"मग उत्तर कोण देईन? तुम्ही देता?"

बाबूजी म्हणजे इतके वादविवाद करणारा माणूस, पण त्या प्रश्नावर त्यांनी फक्त टोपी डोक्यावर नीट केली आणि उठले.

ती ओवी देवळात कधीच झाली नाही. पण दिवाळीनंतर एका दुपारी यमुनाकाकू पदराखाली ज्वारीची टोपली घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, गिरणीचं पीठ गोड लागत नाही, तुमच्या जात्यावर दळून पाहतो. पायली दळायला त्यांनी दुपार घालवली, आणि जाताना ओवी पाठ करून गेल्या. मग आणखी बाया यायला लागल्या. वच्छी पुढे शिकली, लोधीखेड्याला शिक्षिका झाली, लग्न तिनं उशिरा केलं. ती गायची तिथे मी पुढच्या रांगेत बसायची आणि हेव्यानं माझे कान गरम व्हायचे. तो हेवा गेला असं लिहून मी स्वतःला शहाणी करून घेणार नाही. ती गेल्या वर्षी वारली, तेव्हा कोणी तरी मोबाइलवर तिचा आवाज लावला, आणि एवढी म्हातारी मी, तरी मनात पहिलं हेच आलं की हा वरचा सूर मला कधी लागला नाही.

पण त्या नवमीला परत येतानाचं सांगायचं राहिलं. बाबूजी पुढे, मी मागे. बाजाराचा रस्ता सोडून त्यांनी नदीकडचा लांबचा रस्ता धरला. धार बारीक झाली होती. काठावर बाया धुणं धूत होत्या आणि पाण्यात ठिकठिकाणी गोटे वर आले होते. तिथे ते थांबले.

"सुशे, तुले वाटते मी वच्छीवर जास्त माया करतो."

मी म्हटलं, "हो."

"करतो." ते नदीकडेच पाहत होते. "मागच्या साली मी इथे होतो. या काठावर. लहानपणापासून यायचो, तसाच आलो. मी बी फेकत होतो. माझा नेम चांगला होता पहिल्यापासून." काठावर धुणं आपटल्याचे आवाज येत होते. "वच्छीचा बाप पलीकडे कुठं उभा होता, मी पाहिलं नाही. दगड कोणाचा लागला, कोणालेच माहीत नाही. मले बी नाही."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. खडूनं फुटलेली बोटं, पेटीवर फिरणारी. "आत्याबाईंले माहीत आहे?" मी विचारलं.

"मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही."

घरी आलो तर आत्याबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "काय झालं, भाऊ?"

"काही नाही," बाबूजी म्हणाले. "सुशीनं तुझी ओवी म्हणून दाखवली."

"बरोबर म्हटली?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी बाबूजींसाठी पाण्याचा तांब्या भरून पुढे केला. बाबूजींनी तो लगेच घेतला नाही. आत्याबाई हात तसाच लांब करून उभ्या राहिल्या, त्यांच्या तोंडाकडे पाहत, ते घेईपर्यंत.